मेनू[६] आणि तीन स्टार: सीडेक्ल सांगतंय ते मराठीत वाचायचं कसं?

शिरोली_बोर्ड

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण पूर्ण वाचा. अर्धं उत्तर माझ्याकडं आहे आणि त्या अर्ध्यापाशीच चार दिवस अडकून बसले आहे.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका लहान युनिटमध्ये आहे. हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांना लागणारे टेंपरेचर कंट्रोलर आम्ही बनवतो. बोर्डवर एटीमेगा३२ ही मायक्रोकंट्रोलर चिप, सोळा बाय दोनचा एलसीडी, चार बटणं, तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल. सोल्डरिंगपासून टेस्टिंगपर्यंत सगळं मी करते, प्रोग्रॅममध्ये मात्र आजवर फक्त आकडे बदलत आले. ज्या काकांनी प्रोग्रॅम लिहिला ते निवृत्त झाले. त्यांच्या वह्या होत्या, प्रत्येक फंक्शनचं एक पान. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या त्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यात त्या गेल्या. फोन केला तर म्हणाले, "पोरी, वहीत होतं बघ सगळं. आता डोक्यात नाही राहिलेलं."

गिऱ्हाइकाला एक स्क्रीन वाढवून हवी आहे. सोक टाइम, म्हणजे भट्टी ठरलेल्या तापमानावर धरायचा वेळ, किती उरला ते दाखवणारी. सहाच्या सात स्क्रीन करायच्या, एवढंच काम. फाइल उघडली आणि ही ओळ समोर आली. (मराठी किबोर्डवरून लिहिते आहे, म्हणून सी भाषेचे शब्दही देवनागरीत. 'चार' म्हणजे अक्षर साठवायचा टाइप, आकडा नव्हे. खुणा जशाच्या तशा आहेत.)

कॉन्स्ट चार *(*(*मेनू[६])(इंट))(व्हॉइड);

पॉलिटेक्निकला आम्हाला पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, शिकवले ते 'इंट *प' आणि स्ट्रिंगपर्यंत. फंक्शनचा पॉइंटर हा भाग मी ऑप्शनला टाकला होता. या ओळीतलं मला एवढंच कळलं की मेनू नावाचं काहीतरी आहे आणि त्यात कुठंतरी सहा आहेत.

मला वाटलं कंस जास्तीचे आहेत. नव्या मशीनसाठी वेगळी ओळ लिहिली, कंस कमी करून:

कॉन्स्ट चार *(मेनू२[७](इंट))(व्हॉइड);

कंपायलर म्हणाला, मेनू२ हा फंक्शनांचा ॲरे (एकापुढं एक घरांची रांग) म्हणून डिक्लेअर केलाय, चूक. फंक्शनांचा ॲरे मी कुठं मागितला होता, तेच कळेना.

मग शोधत शोधत सीडेक्ल सापडलं. सीची डिक्लेरेशन, म्हणजे नाव कशाचं आहे हे सांगणारी ओळ, शब्दांत फोडून सांगणारं हे टूल. लॅपटॉपवर उबुंटू आहे, त्यावर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीडेक्ल' केलं की येतं. पहिल्यांदा टर्मिनलवर एकाच ओळीत सगळं लिहिलं, तर सीडेक्लच्या आधी शेलच कंसावर अडखळलं. नुसतं 'सीडेक्ल' लिहून एंटर मारलं, त्याचा प्रॉम्प्ट आला, तिथं 'एक्सप्लेन' लिहून पुढं ती ओळ दिली. उत्तर आलं:

डिक्लेअर मेनू ॲज ॲरे ६ ऑफ पॉइंटर टू फंक्शन (इंट) रिटर्निंग पॉइंटर टू फंक्शन (व्हॉइड) रिटर्निंग पॉइंटर टू कॉन्स्ट चार

आता खरा प्रश्न. हे इंग्रजी मी मराठीत उतरवायला गेले की माझं वाक्य उलटं होतं. एकदा लिहिलं, "मेनू हा अक्षराचा पॉइंटर, जो फंक्शन देतो, ज्याचा ॲरे सहाचा". दुसऱ्यांदा वेगळंच आलं. वहीत पाच वेळा लिहिलं, पाचही वेगळी. टूल बरोबर सांगतंय याची खात्री आहे. ते मला समजायचं कसं? आणि टूल हाताशी नसेल तेव्हा अशी ओळ वाचायची कशी?

---

पुण्यातला_कागलकर

ताई, सोपं आहे. गोल फिरायचं. नावापासून सुरू करायचं आणि घड्याळाच्या काट्यासारखं फिरत बाहेर यायचं, वाटेत जे लागेल ते वाचायचं. याला स्पायरल रूल म्हणतात, १९९४ पासून इंटरनेटवर फिरतोय. तुमच्या ओळीवर लावून बघा: मेनू, उजवीकडं [६], फिरून डावीकडं स्टार, फिरून उजवीकडं (इंट), पुन्हा डावीकडं स्टार, उजवीकडं (व्हॉइड), डावीकडं स्टार, शेवटी कॉन्स्ट चार. टूलनं दिलेलंच वाक्य तयार होतं.

आणि खरं सांगायचं तर अशी ओळ लिहूच नये. आमच्या टीममध्ये असा कोड रिव्ह्यूला आला तर परत पाठवतो. टाइपडेफ करायचं, म्हणजे टाइपला आपलं सोपं नाव द्यायचं:

टाइपडेफ कॉन्स्ट चार *(*ओळ_दे)(व्हॉइड);
टाइपडेफ ओळ_दे (*बटण_घे)(इंट);
बटण_घे मेनू[६];

बघा, तिसरी ओळ शाळेतलं पोरगंही वाचेल.

---

उद्यमनगर_जुना

पोरी, तू प्रश्न फार नीट मांडलायस. मी सविस्तर लिहितो, आज दुपारी लाइट नाही आणि वर्कशॉप बंद आहे.

आधी कागलकरांचं. टाइपडेफबद्दल ते म्हणतात ते शंभर टक्के खरं. तू शेवटी तेच कर. पण स्पायरल रूल जपून वापर. या ओळीवर तो बरोबर उतरला कारण उजवीकडं एक, डावीकडं एक अशी आळीपाळीनं खूण आहे. ही ओळ घे:

इंट *अ[३][४];

गोल फिरलीस तर वाचशील: अ हा तीनचा ॲरे, मग स्टार म्हणून पॉइंटर, मग चारचा ॲरे. चूक आहे. खरा अर्थ तीनचा ॲरे, त्यातल्या प्रत्येक घरात चारचा ॲरे, आणि त्यातल्या प्रत्येक घरात इंटचा पॉइंटर. सीडेक्लला विचार, तेही हेच सांगेल. नियम गोल फिरण्याचा नाहीच. नावाच्या उजवीकडं जे [ ] आणि ( ) आहेत त्यांचा मान आधी, स्टारचा नंतर. उजवीकडचं सगळं संपलं किंवा बंद होणारा कंस आडवा आला, की मगच डावीकडं वळायचं. डावीकडचे स्टार घ्यायचे, कंस ओलांडायचा, पुन्हा उजवीकडं.

तुझी कंस काढलेली ओळ यानंच उलगडते. 'मेनू२' च्या उजवीकडं [७], आणि त्याला लागूनच (इंट). मध्ये अडवणारा कंस तू काढून टाकलास. म्हणून कंपायलरनं वाचलं: सातचा ॲरे, कशाचा, तर फंक्शनांचा. सीमध्ये फंक्शनांचा ॲरे करता येत नाही, फंक्शनच्या पॉइंटरांचा करता येतो. तसंच फंक्शननं ॲरे परत देणं चालत नाही, फंक्शननं फंक्शन परत देणंही चालत नाही. मध्ये पॉइंटर लागतोच. ते कंस जास्तीचे नव्हते, त्या कंसांमुळंच स्टारला आधी मान मिळत होता. तुझी चुकीची ओळ सीडेक्लला दिलीस तर तेही बजावेल की हे सीमध्ये चालत नाही, फंक्शनच्या पॉइंटरांचा ॲरे म्हणायचंय का.

आता तुझा मूळ प्रश्न, मराठीचा. याच ठिकाणी मीही अडलो होतो, म्हणून माझा जीव यात आहे.

१९९१ साली मी सी शिकलो. उद्यमनगरात लेथवर दिवसपाळी, आणि संध्याकाळी राजारामपुरीत एका क्लासला टर्बो सी. पुस्तक कर्निगन आणि रिची यांचं, १९८८ ची दुसरी आवृत्ती, तीही झेरॉक्स. त्यात पाचव्या प्रकरणाच्या शेवटी, ५.१२ मध्ये, 'डीसीएल' नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. त्याला डिक्लेरेशन द्यायचं, तो शब्दांत सांगतो. तू वापरलंस ते सीडेक्ल हेच काम अधिक व्यवस्थित करतं. पुस्तकातला फंक्शनच्या आर्ग्युमेंटचे टाइप घेत नाही, तेवढं वाचकानं स्वतः वाढवायचं म्हणून अभ्यासाला दिलंय. मी तो प्रोग्रॅम टाइप करून चालवला आणि तुझ्यासारखाच इंग्रजी वाक्यापाशी थांबलो.

उकल मला त्या प्रोग्रॅमच्या आत सापडली. त्यात दोन फंक्शनं एकमेकांना बोलावतात. पहिलं काय करतं? पुढं किती स्टार आहेत ते मोजतं, पण लगेच काही बोलत नाही. ते मोजून बाजूला ठेवतं आणि दुसऱ्याला हाक मारतं. दुसरं नाव शोधतं, कंस असेल तर आत शिरून पुन्हा पहिल्याला हाक मारतं, आणि नंतर उजवीकडचे [ ] आणि ( ) वाचत जातं. ते संपलं की पहिलं आपले बाजूला ठेवलेले स्टार बाहेर काढतं, एकेका स्टारला 'पॉइंटर टू' म्हणतं. म्हणून स्टार डोळ्याला आधी दिसतो आणि तोंडात नंतर येतो. रिकर्शन, म्हणजे फंक्शननं फिरून स्वतःलाच हाक मारणं, काय असतं हे मला फॅक्टोरियलच्या उदाहरणानं कधी कळलं नाही, या प्रोग्रॅमनं कळलं.

मग मराठी. आपल्या भाषेत षष्ठी लागली की नातं मागून पुढं येतं. "आमच्या मामाच्या पोरीच्या सासऱ्यांचा बंगला" म्हटलं की बंगला शेवटी येतो. इंग्रजी 'ऑफ' आणि 'टू' नं जोडत गेलं की ज्याबद्दल बोलायचं ते पहिलं येतं. सीडेक्लचं वाक्य मेनूपासून सुरू होऊन कॉन्स्ट चारपर्यंत जातं. ते 'चा, ची, चे' लावून सरळ मराठी करायला गेलीस की शेवटचं टोक पुढं आणावं लागतं: "न बदलणाऱ्या अक्षराचा पॉइंटर परत देणाऱ्या, काही न घेणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर परत देणाऱ्या, एक इंट घेणाऱ्या फंक्शनच्या सहा पॉइंटरांचा ॲरे". वाक्य व्याकरणात बसतं, पण 'देणाऱ्या'पर्यंत पोचेतो पहिलं काय होतं ते डोक्यातून निसटतं. तुझी पाच वाक्यं पाच प्रकारची झाली ती यामुळं.

म्हणून 'चा' लावूच नकोस. क्रियापदं लाव. एकेक पायरी तोड आणि प्रत्येक पायरीवर "मग काय मिळतं?" असं विचार.

मेनू हा सहा घरांचा ॲरे. एक घर उघडलं, मग काय मिळतं? पॉइंटर. पॉइंटरनं जिकडं बोट दाखवलं तिकडं गेलो, मग काय मिळतं? फंक्शन. त्याला एक इंट दिला, मग काय मिळतं? आणखी एक पॉइंटर. त्याच्यामागं गेलो, मग काय मिळतं? दुसरं फंक्शन, याला काही द्यायचं नाही. ते बोलावलं, मग काय मिळतं? पॉइंटर. त्याच्यामागं गेलो, तिथं अक्षर आहे, वाचायचं पण बदलायचं नाही.

आता तुझ्या काकांच्या फाइलमध्ये मेनू वापरलेली ओळ शोध. मी न बघता सांगतो, ती साधारण अशी असेल:

मजकूर = (*(*मेनू[स्क्रीन])(बटण))();

ही ओळ आणि डिक्लेरेशन एकाखाली एक लिही. नावाजवळचे दोन स्टार त्याच जागी, कंस त्याच जागी. सीचं डिक्लेरेशन म्हणजे ती वस्तू वापरायची कशी याचं चित्र आहे. डेनिस रिचींनी बेल लॅब्समध्ये सी रचली तेव्हा हाच विचार ठेवला: वस्तू जशी वापरणार तशीच ती जाहीर करायची. 'इंट *प' म्हणजे '*प' असं लिहिलंस की इंट मिळेल. कल्पना सुंदर आहे. अडचण एवढीच झाली की स्टार नावाच्या आधी लागतो आणि [ ] व ( ) नावानंतर. हे बीसीपीएल आणि बी या आधीच्या भाषांकडून आलं. पास्कलमध्ये या कामाची खूण नावामागं लागते, तिथं असे कंस साचत नाहीत. रवी सेठी यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं होतं की स्टार नावामागं आला असता तर ही गुंतागुंत बरीच सुटली असती. रिचींनी १९९३ मध्ये सीचा इतिहास लिहिला त्यात हे मान्य केलंय, पण तोवर बदलायची वेळ निघून गेली होती.

तुझ्या बोर्डवर हे सगळं घडताना बघ म्हणजे पक्कं होईल. स्क्रीन क्रमांक निवडला, त्या स्क्रीनच्या फंक्शनला दाबलेलं बटण दिलं, त्यानं ठरवलं की आता कुठली ओळ दाखवायची आणि ती ओळ तयार करणारं फंक्शन परत दिलं, ते बोलावल्यावर एलसीडीवर टाकायचा मजकूर आला. तुझ्या काकांनी हे विचार करून रचलंय. वह्या गेल्या याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाहूपुरीत माझ्या मेव्हण्याच्याही घरात त्याच वेळी छातीभर पाणी होतं.

सराव म्हणून हे सोडव, आधी हातानं आणि मग सीडेक्लकडून तपास. युनिक्समधली खरी ओळ आहे:

व्हॉइड (*सिग्नल(इंट, व्हॉइड (*)(इंट)))(इंट);

क्रम उलटा करू नकोस. आधी टूलला विचारलंस तर डोळे त्याच्या वाक्यामागं जातात आणि आपलं वाचन होत नाही.

---

शिरोली_बोर्ड

काका, हात जोडते. कालपासून तीनदा वाचलं.

वापरलेली ओळ सापडली. तुम्ही लिहिलीत तशीच आहे, फक्त मजकूरच्या जागी 'ओळ२' आहे. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि बघत बसले. स्टारखाली स्टार आला.

'सिग्नल'चा सराव केला. माझं वाचन: सिग्नलच्या उजवीकडं कंस आहे, त्यात दोन गोष्टी, म्हणजे सिग्नल हे स्वतः फंक्शन. त्याला एक इंट द्यायचा आणि एक पॉइंटर द्यायचा. तो पॉइंटर अशा फंक्शनकडं बोट दाखवतो जे इंट घेतं आणि काही परत देत नाही. बोलावलं, मग काय मिळतं? डावीकडचा स्टार, म्हणजे पॉइंटर. त्याच्यामागं गेलो, तिथं फंक्शन, इंट घेणारं, काही न देणारं. सीडेक्लला नंतर विचारलं. जुळलं. पहिल्यांदाच जुळलं, म्हणून दोनदा तपासलं.

जिथं अडले ते म्हणजे आतला '(*)'. तिथं नावच नाही, मग सुरुवात कुठून करायची?

आणखी दोन गोष्टी. कागलकर दादांनी दिलेल्या तीन टाइपडेफ ओळी मी कोडमध्ये घातल्या, त्या चालल्या. पण 'बटण_घे मेनू[६]' सीडेक्लला दिलं तर सिंटॅक्स एरर. आमच्या निवृत्त काकांच्या कोडमध्ये जागोजागी 'यूइंट८_टी' आहे, त्यालाही तेच. माझं काही चुकतंय का?

दुसरं, हा तक्ता चालू असताना चुकून बदलला जाऊ नये असं मला करायचंय. कॉन्स्ट आधीच आहे, पण तो अक्षरांना लागलाय ना? तक्त्याला लावायचा तर कुठं?

---

कळंबा_कट्टा

यूइंट८_टीचं मी सांगतो, रोजचं दुखणं आहे. उबुंटूवर मिळतं ते सीडेक्ल जुनं आहे. त्याला सीचे मूळ शब्दच कळतात: इंट, चार, लाँग, अनसाइन्ड वगैरे. टाइपडेफनं तयार केलेलं नाव त्याच्या लेखी अनोळखी, म्हणून एरर. तुमचं काही चुकत नाही. यूइंट८_टीच्या जागी 'अनसाइन्ड चार' घालून द्यायचं. नवी आवृत्ती स्वतंत्रपणे पुढं चालू आहे, तिला टाइपडेफ समजतात, पण ती स्वतः बिल्ड करावी लागते.

मी मात्र प्रोजेक्टच्या आत असताना दुसरंच करतो. लॅपटॉपवर जीसीसी कंपायलरनं ती फाइल '-जी' देऊन कंपाइल करायची आणि जीडीबी या डीबगरमध्ये उघडायची. 'व्हॉटइज मेनू' म्हटलं की टाइपडेफ जसंच्या तसं दाखवतो, 'पीटाइप मेनू' म्हटलं की सगळे टाइपडेफ उलगडून मूळ रूप दाखवतो. जीडीबीला तुमच्या प्रोग्रॅममधले सगळे टाइप ठाऊक असतात, सीडेक्लला फक्त समोर दिलेली ओळ.

जीडीबीही नको असेल तर कंपायलरकडूनच वदवून घ्या. 'इंट क्ष = &मेनू;' अशी मुद्दाम चुकीची ओळ घाला. पॉइंटर इंटमध्ये टाकताय म्हणून जीसीसी ओरडेल आणि त्या ओरडण्यात मेनूच्या पत्त्याचा पूर्ण टाइप छापेल. '&' विसरू नका. नुसतं मेनू लिहिलं तर ॲरेचं पहिल्या घराच्या पॉइंटरमध्ये रूपांतर होतं आणि सहाचा आकडा दिसत नाही. काम झालं की ओळ काढून टाका, मी एकदा तशीच ठेवून कमिट केली होती आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं बिल्ड वॉर्निंगांनी भरलं.

---

उद्यमनगर_जुना

कळंब्याच्या मित्रानं छान सांगितलं, पीटाइप मलाही माहीत नव्हतं असं नाही, पण आठवलं नसतं.

पोरी, नाव नसलेल्या '(*)' चं: नाव जिथं बसू शकलं असतं ती जागा शोध. स्टारच्या उजवीकडं, कंस बंद होण्याआधी. तिथं मनात 'क्ष' लिही आणि वाच. दुसरी जागा सापडत नाही, म्हणजे तीच खरी.

कॉन्स्टबद्दल तू अचूक पकडलंस. आत्ताचा कॉन्स्ट अक्षरांना लागलाय. कॉन्स्ट आपल्या डावीकडच्याला लागतो, डावीकडं काही नसेल तर उजवीकडच्याला. तुला घरातले पॉइंटर गोठवायचे आहेत, म्हणजे नावाला सगळ्यात जवळचा जो स्टार, त्याच्या लगेच उजवीकडं तो यायला हवा. पण हे मी लिहून देत नाही. सीडेक्लचा दुसरा अर्धा भाग तू अजून वापरला नाहीस. 'एक्सप्लेन' सीपासून शब्दांकडं जातो, 'डिक्लेअर' शब्दांपासून सीकडं. तुला मिळालेलं वाक्य घे, सहाचे सात कर, 'ॲरे ७ ऑफ' च्या पुढं 'कॉन्स्ट पॉइंटर टू' कर, आणि तेच त्याला परत दे.

टाइपडेफच्या बाबतीत एक खाच आहे, तेवढी लक्षात ठेव. 'टाइपडेफ चार *शब्द;' करून 'कॉन्स्ट शब्द प;' लिहिलंस तर वाटतं अक्षरं गोठली. गोठतो पॉइंटर, अक्षरं मोकळीच राहतात. कारण टाइपडेफ म्हणजे मजकूर चिकटवणं नव्हे, 'शब्द' हा अख्खा एक टाइप झाला आणि कॉन्स्ट त्या अख्ख्याला लागला. तुझ्या 'बटण_घे' ला मात्र हेच हवंय.

आणि एटीमेगावर नुसत्या कॉन्स्टनं तक्ता फ्लॅशमध्ये जातो असं समजू नकोस. एटीमेगाच्या कंपायलरमध्ये, एव्हीआर-जीसीसीत, तो रॅममध्येच राहतो. सात पॉइंटर, प्रत्येकी दोन बाइट, चौदा बाइट. तुझ्याकडं दोन केबी आहेत, त्याची काळजी नको. ओळींचे मजकूर वाढले तर मग बघू.

---

पुण्यातला_कागलकर

काका, 'इंट *अ[३][४]' चं आत्ता करून बघितलं. तुमचंच बरोबर. स्पायरल रूल मी सहा वर्षं ज्युनिअरना शिकवत आलोय, सोमवारी त्यांना हे उदाहरण दाखवतो.

तुम्ही आधी कंसासकट वाचायला शिकवलंत तेही पटलं. ताईंनी थेट टाइपडेफ चिकटवले असते तर चाललं असतं, पण तक्त्यात काय आहे ते कळलं नसतं.

---

शिरोली_बोर्ड

डिक्लेअर केलं. टूलनं ही ओळ दिली:

कॉन्स्ट चार *(*(* कॉन्स्ट मेनू[७])(इंट))(व्हॉइड)

कॉन्स्ट तुम्ही सांगितलं तिथंच आला, नावाजवळच्या स्टारच्या उजवीकडं. मग टाइपडेफ वापरून 'कॉन्स्ट बटण_घे मेनू[७]' लिहिलं आणि कळंबा दादांच्या पद्धतीनं पीटाइप विचारलं. दोन्हीकडून तोच टाइप आला.

तक्ता कॉन्स्ट केल्याबरोबर कंपायलरनं एका वेगळ्याच फाइलमधली ओळ पकडली. तिथं सेटिंग मोडमध्ये जाताना मेनू[३] मध्ये दुसरं फंक्शन घातलं जात होतं आणि बाहेर येताना परत पहिलं. आमच्या निवृत्त काकांना फोन लावला. मी म्हटलं, "मेनू[३] तुम्ही मुद्दाम बदलत होता का?" थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हां, पासवर्डची स्क्रीन. जागा नव्हती म्हणून तीनमध्येच बसवली होती. आता सात करतेस तर आठ कर, तिला तिची जागा दे." मग पाऊण तास बोलत होते. बाकीच्या पाच स्क्रीनचंही त्यांना आठवलं.

आता मेनू[८] आहे. सोक टाइम सातव्या घरात, पासवर्ड आठव्यात. आज दुपारी टेस्ट भट्टीवर ८५० डिग्रीला चालवून बघितलं, उरलेली मिनिटं नीट उतरत होती. काकांनी सांगितलेलं सगळं मी नव्या वहीत लिहून घेतलंय, प्रत्येक फंक्शनचं एक पान, आणि फोटो काढून कोडच्या फोल्डरमध्येही ठेवलेत.